जैसे थे

दारव्ह्याच्या कोर्टाबाहेर, टायपिंगच्या टेबलापाशी
गुल्हाने वकिलानं वकीलपत्र पुढं सरकवलं.
"सही येते?"
"येते. सावकाश येते."

मग म्हणे, नेमकं काय पायजे?
मी म्हटलं, दीड हात धुरा,
बाभळीपासून विहिरीपर्यंत.
त्यानं लिहिलं : वादीचा कब्जा, प्रतिवादीचा अडथळा.

प्रतिवादी म्हणजे आमचा देवराव,
माझ्या बाळंतपणात
रात्री दोन वाजता बंडी जुंपणारा.
हे कुठं लिहू?
"ते मुद्द्यात येत नाही, बाई."

समन्स, कैफियत, मोजणीवाल्याची वाट.
सातव्या तारखेला हुकूम : जैसे थे.

परतताना धुऱ्यावर थांबली.
मुंग्यांनी वारूळ वाढवलं होतं
वीतभर, देवरावच्या बाजूनं,
कोणालेच न विचारता.