सुरगाठ

मामंजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं
त्या आठवड्यात बाणीला कोण बांधणार
हे घरात कुणी बोललं नाही.
दावं माझ्या हातात आलं, एवढंच.

बाणी. कपाळावर रुपयाएवढा चांद,
स्वभावानं भांडकुदळ.
रोज संध्याकाळी वडणग्याहून पूल ओलांडून
तिला गंगावेशीच्या कट्ट्यावर न्यायची,
लोखंडी नळीला बांधायची,
गिऱ्हाइकासमोर पेला फेसानं भरायचा.
माहेरी आमच्यात नुसती शेळी.
शेळी कशीही बांधली तरी बांधलेली राहते.

पहिल्या दिवशी बाणी मला न विचारता
रंकाळ्याच्या बाजूला निघून गेली.
दुसऱ्या दिवशी गाठ अशी बसली
की दिवे लागले तरी सुटेना.
नखं गेली. दात लावले.
काथ्याची चव अजून जिभेवर आहे.

मग हिंदुराव मामांनी बाजेवरून हाक मारली.
अर्धं तोंड ओढलेलं, अर्धं माझ्यावर चिडलेलं.
बाजेचा खूर हा खांब.
म्हशीकडचा दोर डाव्या अंगठ्याखाली दाबला,
मोकळा दोर डाव्या हातानं खुरामागनं आणला,
आडवा टाकला त्याच्यावर.
मधे एक डोळा पडला.
"आता ह्यात टोक घालायचं न्हाई."
मी टोकच घालायला निघाले होते.
"टोक घातलंस की निरगाठ. दुमड घाल. दुमड.
आता वढ. म्हशीगत वढ."

मी ओढलं.
बाज मामांसकट हातभर सरकली,
गाठ नाही हलली.
ते हसले, दुखण्यात पहिल्यांदा, एकाच गालानं.
मग दोन बोटांनी शेपटाला हिसका.
खूर मोकळा.

शेजारी बसून शिकले, म्हणून
त्यांच्या डाव्या हातातलं माझ्या डाव्या हातात आलं,
पायाच्या अंगठ्यासकट.
कट्ट्यावर चप्पल काढून दोर दाबला
की दौलू खवरे म्हणायचा,
"वहिनी, गाठ मारताय का पंक्चर काढताय?
आणि उलटी हाय की ही. आरशातली."
व्हय, म्हणायचे मी,
आणि चरवी पुढं ओढायचे.

दिवाळीच्या आधी एकदा केएमटीचा टायर फुटला,
अगदी कट्ट्याला लागून.
सगळ्या म्हशी एकदम मागं.
दौलूची गुडघ्यावर आली, मान नळीला पिळवटली,
जीभ बाहेर, आणि तो गाठीशी झटतोय,
कुणी विळा आणा म्हणतंय, कुणी ब्लेड,
कुणी नुसतंच अरे अरे.
बाणीही पडत होती.
मी शेपूट ओढलं.
ती सावरली, चार पावलं गेली,
आणि केळीवाल्याच्या गाड्याखालची सालं
खात उभी राहिली.

दौलूची वाचली. मानेवर वळ राहिला.
रात्री मामांना सगळं सांगितलं.
ते बराच वेळ आढ्याकडं बघत पडले.
"टोक घातलं असंल त्यानं," म्हणाले,
आणि चहा मागितला.

फाल्गुनात ते गेले.
भावकीतली माणसं तिरडीची सुतळी
टोक घालून घालून आवळत होती.
तिथं तसंच बांधतात.
मी दारातनं बघत होते,
आणि डावा हात पदराआड
पदराच्याच काठाला दुमड घालत होता.

आता कट्ट्यावर बाणीची रेडी येते.
थोरल्याचा धैर्यशील जेवतो उजव्यानं, लिहितो उजव्यानं.
परवा मोटारसायकलला किटली बांधत होता.
चप्पल काढलेली. अंगठ्याखाली दोर.
हात डावा.
आजोबा गेले तेव्हा हा दीड वर्षाचा होता.

मी काही बोलले नाही.
किटली हलवून बघितली.