छपराला आधीच काम आहे

ऑक्टोबरात लेथचा चक त्याच्या हातून निसटला.
एक्केचाळीस किलो. इतकी वर्षं तो पोटाशी धरून,
श्वास रोखून उचलायचा.
बिडाच्या बेडवर, जिथे सगळं सरकतं तिथेच,
नखाएवढा खळगा पडला.
त्यावर त्याने एक चिंधी टाकली
आणि मला फोनवर सांगितलं, यंदा थंडी लवकर पडलीये.

हे मला शेजारच्या लॉर्नने सांगितलं.

नोव्हेंबरात पुन्हा फोन.
"चेनपुली घेतली. लिलावात. एक टनी.
आमच्याच कागदगिरणीतली, बंद झाली ना."
मग घसा खाकरून,
"तू ते पूल काढतेस ना कागदावर.
गॅरेजचं छप्पर धरेल का?"

बावीस वर्षं मी पूल काढते.
याआधी त्याने काही विचारलं नव्हतं.

फोटो आले. लाकडी कैच्या, दोन बाय चारच्या,
खिळेपट्ट्यांनी जोडलेल्या.
मी म्हटलं, इसा, नको.
छपराला आधीच काम आहे.
थंडर बेचा बर्फ एप्रिलपर्यंत तेच धरून असतं.
त्याला आता तुझा आकडा लावू नकोस.

पलीकडे इतकी शांतता, वाटलं फोन कटला.
"मग वजन जाणार कुठे?"
खालीच. सगळं शेवटी खालीच जातं.
आपण फक्त वाट आखायची.
कडीतून ट्रॉलीत, ट्रॉलीतून गर्डरमध्ये,
गर्डरमधून दोन खांबांत,
मग काँक्रीट, मग जमीन.
"हं."
दुसऱ्या दिवशी मापं आली,
विजेच्या बिलाच्या पाठीवर, इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत.

फेब्रुवारी. विनिपेगहून आठ तास,
केनोराच्या पुढे नुसते मालट्रक आणि पांढरं.
गॅरेजात उणे अकरा
आणि एक हीटर, जो स्वतःपुरताच तापतो.
जमिनीवर गर्डर, सव्वाशे किलोचा.
आम्ही तिघं त्याच्याभोवती उभे. आधी लॉर्न हसला.
उचलायचं यंत्र टांगायला
उचलायचं यंत्र लागत होतं.

मग गाडीचे जॅक, लाकडी ठोकळे.
या टोकाला दोन इंच, ठोकळा सरकव.
त्या टोकाला दोन इंच, ठोकळा.
मध्येच आई सांगून गेली, सॉना तापलाय.
कुणी हललं नाही.
शेवटच्या बोल्टपाशी त्याचा हात थरथरला, खाली आला.
मी दुसऱ्या शिडीवर होते.
मी पाना मागितला नाही. त्याने दिला.

गर्डरवर मी पिवळ्या रंगाने लिहिलं, ५०० किलो.
"पुली एक टनी आहे," तो म्हणाला.
गर्डर अर्धा टनी आहे. कमी असेल तो आकडा खरा.
लॉर्न छताकडे बघत राहिला.

सव्वापट टांगून बघायचं ठरलं.
फोर्डचं जुनं इंजिन आणि वाळूच्या पंधरा गोण्या,
जमिनीपासून जेमतेम इंचभर वर, रात्रभर.
पहाटे तो माझ्याआधी तिथे.
हातात बॅटरी, टोकापासून टोकापर्यंत ताणलेली दोरी.
"चार मिलिमीटर वाकलाय."
तक्रार केल्यासारखं.
वाकू दे, मी म्हटलं. हिशोबात धरलंय.

मग चक. पट्टा घातला, कडी अडकवली.
त्याने साखळी ओढली, डाव्या हाताने.
कट्. कट्. कट्.
एक्केचाळीस किलो वर आले, थांबले,
किंचित स्वतःभोवती फिरले.
तो त्यांच्याकडे असा बघत होता
की जणू हे आधीच कुणी सांगायला हवं होतं.

साखळीचं तेल हाताला लागलं.
त्याने इकडेतिकडे पाहिलं,
लेथवरची ती चिंधी उचलली, हात पुसले.
खळगा उघडा पडला.
मी पाहिला. मी पाहिला हे त्याने पाहिलं.
"बोट फिरव त्यावरून," तो म्हणाला,
"कड घासून टाकलीये.
कामाच्या आड येत नाही."