बीळ नंबर एक्केचाळीस

धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर, रात्री सव्वाबाराला
मी कानाला भूमध्य समुद्र लावून बसतो.
जिथे कधी जाणार नाही अशा एका बेटावरून
तासातासाच्या फायली येतात,
मी त्यांतल्या हाका मोजतो.
फायलीला एकशे चाळीस रुपये.

हा पक्षी वर्षभर पाण्यावरच.
जमिनीला टेकतो तो अंड्यापुरता, तेही अंधार पडल्यावर.
चांदणं असलं की गप्प.
अंडं एकच, खडकाच्या फटीत, हातभर आत.
मराठीत याला नाव नाही.
मी ठेवलं: रातहाक्या.
आणि मीच मग त्या नावाला नावं ठेवली.

एकदा हेडफोनची वायर तुटली,
स्पीकरवर लावलं.
दहा मिनिटांत दार वाजलं.
खालच्या शेवंता सिस्टर, प्रसूती वॉर्डातून नुकत्याच परतलेल्या:
"बाळ कुणाचं? किती रडवताय त्याला?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं.
त्या चपला न काढता उंबऱ्यातच ऐकत राहिल्या.
"भुकेचं नाही हे. पोटदुखीचंही नाही.
बारीक आवाज आहे तो बाप्या. घोगरी ती बाई.
तिला उशीर झालाय, आणि हा विचारतोय, होतीस कुठे."
मी तक्ता काढला. नर बारीक, मादी घोगरी.
मला दोन महिने लागले होते.

मग रात्रपाळी नसली की त्या यायच्या,
वाटीत कधी शेंगदाणे, कधी काहीच नाही.
"आपल्या एक्केचाळीसात काय चाललंय?"

नऊ जुलैची फाईल. दोन वाजून सहा मिनिटं.
बिळाशी कुणी नव्हतं तेवढ्यात
पापड मोडावा तसा आवाज, मग कुरतडणं.
उंदीर, मी लिहिलं.
(माणसांच्या बोटींतून उतरलेले, धान्याच्या पोत्यांसोबत.)
पहाटे नर आला. हाक मारली.
बावीस वेळा. मोजणं माझं काम.
सिस्टरनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं,
सवयीनं. वेळ नोंदवायची असते.

"तिथली माणसं काय करतात मग?"
सापळे लावतात, म्हटलं. कुठल्या कड्यावर आधी,
ते या नोंदींवरून ठरतं.
"मग नीट लिहा. दोन सहा. दोन पाच नव्हे."

फाल्गुन लागला. जोड्या परतायचे दिवस.
एक्केचाळीसची नवी फाईल दुपारीच आलीय.
उघडलेली नाही.
सिस्टर दहाला सुटतात.