उतरलं का?

आधी उगाली अडकली.
बाबा म्हणाले, पीठ जाड दळलंय.
आईने गिरणी बदलली.
मग बटाटा. मग दुधात कुस्करलेलं केळं.
दर घासाला आम्ही विचारायचो, उतरलं का?
ते छातीच्या मधोमध बोट टेकवायचे:
इथवर.

बोमेटच्या उतारांवर तीस वर्षं
चहाची टोपली पाठीवर वाहिलेला माणूस,
कोटात सापडेनासा झाला.
नर्सने 'अरप सिगिलाई' अशी हाक मारली
तेव्हा आधी कोटच उठला.

डॉक्टर चेरोटिचनी कागदावर नळी काढली,
आत पेन्सिलने गाठ गिरवली,
गिरवतच राहिल्या.
पांढरं उरलं ते सुईच्या नेढ्याएवढं.
"वर्षापूर्वी कापता आली असती.
अंगात ताकद आली तर एल्डोरेटला किरण देऊ.
आधी जेवू दे त्यांना."

जाळीची नळी. मिटून आत जाते,
आत गेल्यावर उघडते, छत्रीसारखी,
सावकाश, दिवसभर.
मी विचारलं, बरे होतील?
त्या म्हणाल्या, गिळतील.

तिसऱ्या दिवशी आईने चहा केला.
कोणी म्हणतं कढत चहानेच होतं हे,
कोणी भोपळ्यातल्या दुधाचं नाव घेतं,
शेजारीण शापाचं.
आईने सगळ्यांचंच ऐकलं
आणि चहा दोनदा निववला.

बाबांनी घोट घेतला. डोळे मिटले.
आम्ही तिघं त्यांच्या कंठमण्याकडे बघत.
तो वर गेला, खाली आला.
विचारायचा धीर कुणालाच झाला नाही.

त्यांनीच पेला खाली ठेवला
आणि करवादले:
साखर कुठाय?