नवो माणस

मकरपुरा जीआयडीसी, प्लॉट चारशे बारा,
पंपांच्या सीलचं गोदाम.
वरच्या मजल्यावर मला एक टेबल दिलंय,
त्याचा एक पाय जुन्या कॅलेंडरच्या घडीवर उभा.

काम तसं सोपं:
ऑर्डर येते व्हॉट्सॲपवर, बिल बनतं टॅलीत,
कुरिअरचं पोर्टल वेगळं, बँकेचं वेगळं,
आणि या चौघांची आपसांत बोलचाल नाही,
भावकीसारखी.
मधे एक एजंट बसवायचा,
चारही दारांत जाणारा,
चहा न मागणारा.

नाव काय टाकू, विचारलं तर
शेठ फोनवर होते, हातानंच म्हणाले, काहीपण.
मग फोन खाली ठेवून: "नवो माणस."
मी रकान्यात तेच लिहिलं.

दुपारभर किल्ल्या दिल्या त्याला.
वाचू शकतो का? हो.
लिहू शकतो का? हो.
ग्राहकांना परस्पर निरोप पाठवू शकतो का?
इथं बोट जरा थांबलं,
सासरी पहिल्यांदा फ्रिज उघडताना थांबतं तसं.
मग तिथंही हो.

खानविलकरकाका पलीकडं बसून पाहत होते.
एकतीस वर्षं उघराणी त्यांच्याकडं.
पावतीपुस्तकाच्या पाठीवर पेन्सिलीनं त्यांचे नियम:
करजणच्या पार्टीला सोमवारी फोन नको.
पोरचे दोघं भाऊ, बोलायचं थोरल्याशी, सही धाकट्याची.
डभोईवाला "काले" म्हणतो.
काले म्हणजे काल, काले म्हणजे उद्या,
त्याच्या तोंडी काले म्हणजे गुरुवार.

मी एकेक वाचून एजंटला सांगत गेले, साध्या मराठीत.
दर वेळी तो म्हणायचा: समजलं.
दर वेळी काका माझ्याकडं बघायचे:
इतक्यात?

साडेपाचला चाचणी.
सव्वा मिनिटात त्यानं सगळी खाती चाळली,
अठ्ठावीस निरोप तयार केले, नम्र, तारखांसकट,
आणि एकोणतिसाव्यापाशी अडला:
हंसाबेन, पादरा. चार हजार सहाशे चाळीस रुपये.
दर महिनाअखेरीस कुणीतरी हातानं
पुढच्या महिन्यात ढकललेत.
सलग एकशे सात वेळा.
स्मरणपत्र पाठवू का?

पंखा, आणि खाली कुणी तरी पिंपात ओततंय ते वॉशर,
एवढाच आवाज.
काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
मला वाटलं, आता गोष्ट निघणार,
कुणाचं आजारपण, कुणाचं उपकाराचं काही जुनं.
"आठवत नाही," काका म्हणाले.
"पहिल्यांदा ढकलले तेव्हा काहीतरी होतं.
नंतर हात आपोआप जायचा."
जरा वेळानं: "माझीच चूक असेल, बिलातली.
खोटं कशाला बोलू."

"फोन करून विचारू?"
"एकशे सात महिन्यांनी? काय विचारशील?"

मी टाइप केलं: या खात्याला निरोप नको.
त्यानं विचारलं: कारण?
रकाना रिकामा सोडून पुढं जाता येत नाही.
मी काकांकडं पाहिलं, काका खिडकीकडं,
खिडकीत समोरच्या कारखान्याची पाठ.
मी लिहिलं: आहे.

समजलं, तो म्हणाला.

अठ्ठावीस निरोप गेले.
डभोईवाल्याचं उत्तर सगळ्यांत आधी: काले.
नव्या माणसानं गुरुवारची तारीख घातली.
काका पहिल्यांदाच हसले, अर्धे.

मग उठले, डबा पिशवीत टाकला,
आणि जाता जाता स्क्रीनपाशी वाकून
नव्या पोराला सांगावं तशा आवाजात म्हणाले,
"महिनाअखेरीस ते चार हजार सहाशे चाळीस
पुढं ढकलायचे. तेवढं विसरू नकोस."

त्याला माइक जोडलेला नाही.
काका जिना उतरेपर्यंत थांबले,
मग शब्दन् शब्द टाइप केलं.