दुरुस्तीची वही

शांतवन उजगरे वाद्यं दुरुस्त करत,
रविवार कारंज्यापाशी. त्यांच्या वहीत
ही तीन पानं; वाद्यं एकाच देशातून,
बोटीनं आलेली.

शरणपूर, मिशनचं देऊळ. ऑर्गन.
भाता उंदरांनी कुरतडलेला.
वाजवणारी बाई आफ्रिकेहून आणलेल्या मुलांपैकी एकाची नात.
म्हणाली, खालचे सूर मोकळे ठेवा,
आमच्यात प्रार्थना अभंगाच्या चालीवर म्हणतात.

देवळाली कॅम्प, मेस. पियानो.
पट्ट्यांत सांडलेली दारू.
दोन वर्षांत पलटण बदलते,
कोणता सूर कधीपासून बिघडलाय
कुणालाच सांगता येत नाही.
मजुरी रोख. चहा व्हरांड्यात.

इगतपुरी, रेल्वे इन्स्टिट्यूट. पियानोच.
धुक्यानं लाकूड फुगलेलं, 
शनिवारी नाच, म्हणून घाई.
ड्रायव्हर बेल्टन ज्याला 'होम' म्हणतो
ते गाव त्यानं पाहिलेलं नाही.
शिव्या मात्र अस्सल घाटावरच्या.

खाली पेन्सिलीनं, पुसट:
नादकाटा एकच नेला होता.
शरणपुरात लावलेला षड्ज
कसाऱ्याच्या वाऱ्यात माझाच मला ओळखू येईना.

आणि समासात:
बेल्टनकडून सव्वा रुपया येणे.