पिक्चर सुटल्यावर

मी पिक्चर बघत नाही.
मला पिक्चर सांगतात.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर माझी म्हैस उभी.
सहाचा खेळ सुटला की माणसं चालत येतात,
डोळ्यांत अजून पडद्याचा उजेड.
मी कासेला हात लावतो, बादलीत पहिली धार वाजते,
तोवर कुणाचं तरी मत फुटलेलं असतं.

'कडक!'
'कसला कडक? मध्यंतरापर्यंत ठीक,
पुढं नुसतं पाणी घातलंय.'
पाणी म्हटलं की सगळे माझ्याकडं बघतात.

भूपाल मगदूम बँकेत कॅशियर. पिक्चरला जात नाही.
लायब्ररीच्या कादंबऱ्या वाचतो, नोटा मोजाव्यात तशी पानं,
आणि हिशेब चुकला की चिडतो:
'दोनशे बाराव्या पानावर बहीण थोरली,
तीनशेव्यावर धाकटी. लेखक काय झोपला होता?'
पण त्याच कादंबरीतली विहीर सांगायला लागला
की हातातला ग्लास विसरतो.
आवडलं, असं त्यानं कधी म्हटलं नाही.
ग्लासातल्या बसलेल्या फेसावरनं मी ओळखतो.

इंदू हळदकर, सीपीआरमधली नर्स,
रात्रपाळीला जाताना उभ्या उभ्या पिते.
'हिरो मरतो तो सीन खोटा,' म्हणाली एकदा.
'मरताना माणूस एवढं बोलत नाही.
पाणी मागतो.
नाहीतर चष्मा कुठाय विचारतो.'
त्यावर कट्ट्यावर कुणी बोललं नाही.
म्हशीनं शेपूट हलवलं, तेवढंच.

आणि बाबालाल मुल्ला. उद्यमनगरात लेथवर,
डाव्या हाताची दोन बोटं अर्धी.
वीस वर्षं तो एकच पिक्चर सांगतोय.
बाप घर सोडून गेलेला,
पोरगं रोज एसटी स्टँडवर जाऊन बसतंय.
शेवटी एक गाडी येते, बाप उतरतो,
बोलत काही नाही. शेजारी बसतो.
पिशवीतनं संत्रं काढतो, सोलतो,
आणि फोडीवरचे धागे एकेक काढून
फोड पोराच्या हातावर ठेवतो.
'धागे काढून, बरं का,' बाबालाल म्हणायचा
आणि उरलेल्या बोटांनी करून दाखवायचा.
तालमीतली दांडगी पोरंसुद्धा
त्या वक्ताला तोंड ग्लासात घालून बसायची.

परवा माझ्या लेकानं तो पिक्चर मोबाइलवर लावून दिला.
गोठ्यात पेंडीच्या पोत्यावर बसून सगळा बघितला.
गाडी येते.
थांबत नाही.
पोरगं चड्डी झाडून उठतं, घरच्या वाटेला लागतं.
धुरळा. मग पाटीवर नावं.
संत्रं नाही.
माझीच नजर हलली असंल म्हणून
मागं घेऊन परत बघितलं.
संत्रं नाही.

रात्री बाबालालला गाठून विचारलं.
त्यानं ग्लास संपवला, मिशी पुसली.
'डायरेक्टरला सुचलं नाही,
म्हणून मी काय गप बसू?'
मी पुढं विचारणार होतो, त्याच्या बापाचं.
शेजारच्या म्हशीखाली धार वाजत होती.
ती ऐकत राहिलो.

काल कॉलेजच्या दोन पोरी आल्या.
एक म्हणाली, 'मामा, तो जुना पिक्चर,
स्टँडवाला, बघितलाय काय?
आम्हाला बघायचाय. शेवट कसा आहे?'
चाळीस वर्षं इथं उभा आहे,
मला कुणी कधी विचारलं नव्हतं.
हात धुतले. टॉवेलला पुसले.
म्हटलं, गाडी येते.
म्हटलं, थांबते.

'आणि?'

आणि फोडीवरचे धागे निघेपर्यंत
दोघींच्या ग्लासातला फेस बसला होता.